सुरूच्या बनातली भांगलण

अक्का, तुम्ही गेल्याला महिना होत आला, आणि ह्या घरात माझ्याशी भांडायला आता कुणी उरलं नाही. तुमच्या दिराला मी काही बोलले की ते गुमान गोठ्याकडं जातात. तुमचे मालक, भाऊजी, तर हूं की चूं करत नाहीत. दोन जावांचं घर आपलं, चूल एक, आणि तोंडं दोन अशी की गल्लीच्या टोकाला ऐकू जावीत. आता एकच तोंड राहिलंय. म्हणून हे लिहायला बसले. आपलं एक भांडण अर्धवट राहिलंय, अक्का. तुम्ही असं मधेच उठून जाल असं मला वाटलं नव्हतं.

भांडण कशाचं ते तुम्हाला सांगायला नको. वरच्या माळावरच्या सुरूच्या बनाचं.

मी ह्या घरात सून म्हणून आले तेव्हा त्या माळावर बघण्यासारखं काही नव्हतं. खाली आपली भाताची खाचरं, आणि वर जांभ्या दगडाचा उघडा माळ. पावसाळ्यात गवत, उन्हाळ्यात त्याच गवताची काडं, बस्स. नव्वदच्या सुरुवातीच्या त्या वर्षांत सामाजिक वनीकरणाचा टेम्पो गावात आला, रोपं घ्या म्हणून. कुणी नीलगिरी घेतली, कुणी काजू. मी आजऱ्याची, माझं लहानपण काजूच्या झाडाखाली गेलेलं. मी म्हटलं, काजू लावूया. तुम्ही टेम्पोत चढलात आणि सुरूच्या रोपांवर हात ठेवलात. "हीच पायजेत. सिनेमात हिरो-हिरवीण असल्याच झाडांखाली पळत्यात."

वनरक्षक हसला. म्हणाला, "वैनी, ती थंड डोंगरातली पाइनची झाडं. हे सुरू. दिसायला तसंच, पण जात निराळी. मात्र तुमच्या माळाला मानवंल." तुम्हाला तेवढं पुरलं. नंतर चुलीपुढं बसून मला खरं कारण सांगितलंत. "माझं माहेर कागलाकडं. सगळा ऊस. बघंल तिकडं ऊस, आन् तो बी वर्साला तुटतोय. उंच असं काय डोळ्याला दिसलंच न्हाय गं. मला एक उंच झाड पायजे, जे कुणी दर वर्साला तोडून न्हेणार न्हाय."

मी काय बोलले ते आठवतं ना? "अक्का, ह्या दगडावर ह्या सुया जगल्या तर मी नाव बदलीन." झाडं जगली. मग पुढं कित्येक वर्षं, घरात कुणी नवीन पाहुणा आला की तुम्ही मला पुढं ओढायचा आणि म्हणायचा, "ही सुमन. हिचं नाव बदलायचं ऱ्हायलंय अजून."

ती जगली ती तुमच्यामुळं. ओढ्यातून घागर भरून त्या चढणीनं वर जायचं, ते पण एप्रिल-मेच्या उन्हात, हे मी केलं नसतं. मी तुमच्याबरोबर यायचे, वाटेत दोनदा बसायचे, आणि तुम्ही वरून ओरडायचा, "बस की, बस! झाडं बी बसूनच मरत्यात!" आणि एकदा रोपानं मूळ धरलं की तुमची भांगलण सुरू. उसाच्या मुलखातली बाई तुम्ही. जमिनीवर पिकाशिवाय दुसरं काही हिरवं दिसलं की तुमचा हात शिवशिवायचा. खुरपं घेऊन ओळीनं बसायचा आणि सुरूच्या बुडातलं गवत, वेल, झुडूप, जे येईल ते उपटून काढायचा. उसात घालावी तशी पहिली भांगलण, दुसरी भांगलण. सगळं गाव हसत होतं, डोंगरावर कुणी भांगलण करतं का म्हणून. तुम्ही दाद दिली नाही.

त्या वेळी तुमचं बरोबर होतं, अक्का. हे मी तुमच्या तोंडावर कधी बोलले नाही, आज बोलते. ती रोपं वितभर होती आणि गवत कमरेएवढं. गवतानं त्यांना गिळलंच असतं. आणि एका उन्हाळ्यात पलीकडच्या खिंडीतून वणवा चढत आला तेव्हा सगळा माळ काळा झाला, शेजारच्यांची काजूची रोपं गेली, आणि आग तुमच्या साफ केलेल्या जमिनीशी येऊन विझली. जळायला तिथं काही नव्हतंच. तुम्ही त्या राखेत उभ्या राहून माझ्याकडं बघितलंत. तुम्ही बोलला असता तर बरं झालं असतं, इतका तुमचा तोरा मला लागला.

पण झाडं वाढली तरी तुमची भांगलण थांबेना, तिथं माझं डोकं फिरायला लागलं.

सुरूचं झाड वाढतं ते घाईनं. पाच-सहा पावसाळ्यांत ती आपल्या घराच्या कौलाच्या वर गेली. फांद्यांत फांद्या अडकल्या आणि खाली सावली झाली. त्या सावलीत गवत आपोआप मेलं. खाली नुसता तपकिरी काड्यांचा थर. तुम्ही तोही झाडायचा, चुलीला पेटवण म्हणून पोत्यात भरून आणायचा. पाहुणे आले की त्यांना वर घेऊन जायचा आणि म्हणायचा, "बघा पावणं, खाली एक काडी न्हाय." पाहुणे म्हणायचे, वा वा, अंगण केलंय की! आणि माझा जीव जळायचा. माझ्या माहेरी जंगलात शिरलं की पायाखाली करवंद, अंगाला तोरणाची जाळी, वर जांभूळ, त्याच्यावर ऐन. एकावर एक. इथं वर झाडं आणि खाली काही नाही. ना पाखरू बसे, ना किडा. मी एकदा न राहवून म्हणाले, "अक्का, हा नुसता मांडव झाला. वऱ्हाडच न्हाय ह्यात."

तुम्ही खुरपं न थांबवता म्हणालात, "वऱ्हाड आलं की खरकटं पडतंय."

मी पदर तोंडाला लावून हसले आणि रागानं दोन दिवस बोलले नाही.

खालच्या फांद्या वाळून गळायला लागल्या तेव्हा पहिल्यांदा जमिनीवर उन्हाचे कवडसे पडले. आणि लगेच, अक्का, लगेच तिथं दोन-दोन पानांची रोपं वर आली. बुलबुल सुरूवर बसायला लागले होते. ते कुठं कुठं खाऊन यायचे आणि इथं बसून बिया टाकायचे. मी तुम्हाला दाखवलं, हे बघा जांभूळ, हे करवंद. तुम्ही म्हणालात, "कुठं?" आणि बघता बघता उपटून हातात दिलंत. "हे? घे." मुळासकट! मी ते घरी आणून मागच्या परड्यात लावलं. ते मेलं. त्यावरून आपली जी भांडणं झाली ती सगळ्या वाडीनं ऐकली.

मग तुमचे गुडघे गेले. कोल्हापुरातल्या डॉक्टरनं सांगितलं, चढण बंद. तुम्ही घरी येऊन मला म्हणालात, "सुमे, ह्या वर्साची भांगलण तू करून घे. दोन बायका लाव." मी म्हटलं, "वर जातो मी. पण खुरपं न्हेणार न्हाय." तुम्ही मान वळवलीत. झाला अबोला सुरू. एका चुलीवर दोघी स्वयंपाक करायचो आणि बोलायचो भांड्यांशी. तुम्ही पातेल्याला सांगायचा, "कुणाला च्या पायजे असंल तर ठेवलाय म्हणावं." मी तव्याला सांगायचे, "कुणाचं पथ्य असंल तर भाकरी बाजूला काढल्या." भाऊजी आणि तुमचे दीर मधे बसून खाली मान घालून जेवायचे. हसू आवरायचे, मला दिसायचं.

पण दुसऱ्या कुणालाही तुम्ही वर पाठवलं नाहीत. तुम्हाला कुणाची भांगलण पसंतच नव्हती. "बायका नुसतं वरचं खुडत्यात, मूळ तसंच ठेवत्यात," म्हणायचा. तुमच्या ह्या तोऱ्यामुळं बनाला चार पावसाळे मोकळे मिळाले. मी सुट्टीच्या दिवशी माझी अंगणवाडी बंद असली की वर जायचे. कडेकडेनं घाणेरी आणि रानमोडी, सगळं रान गिळणारं तण, घुसायला बघत होती, ती मात्र मी उपटली. आता हसू नका, हो, भांगलण मीही केली. पण आत आत जे येत होतं ते राहू दिलं. करवंदाच्या जाळ्या आल्या. तोरण आलं. जांभळाची रोपं तर ठायी ठायी. अंजनीचं एक रोप आलं, ते कुठून आलं ते मला अजून कळलेलं नाही, आसपास कुठं अंजनी नाही. पावसाळ्यात काड्यांच्या थरातून अळंबी फुटली. मी घरी येऊन काही सांगत नव्हते. अबोला होता ना!

विलासनं तो मोडला. तुमचा लेक, कागलच्या एमआयडीसीत फौंड्रीत कामाला, सुट्टीला आला होता. तुम्ही त्याच्यापुढं रडलात, माझं बन मला बघायचंय म्हणून. त्यानं तुम्हाला मोटरसायकलवर मागं बसवलं आणि कच्च्या रस्त्यानं माळापर्यंत नेलं. मी आधीच वर जाऊन उभी होते. तुम्ही गाडीवरून उतरलात, आत चार पावलं आलात, आणि कपाळावर हात मारलात.

"आई गं! काय ह्या दशा केल्या रानाच्या! मी काय मेलो न्हाय अजून!"

आणि तशा दुखऱ्या गुडघ्यांनी वाकून तुम्ही समोरचं रोप धरलंत आणि ओढलंत. ते आलं नाही. दोन्ही हातांनी ओढलंत. तरी आलं नाही. तुमची बोटं सुटली आणि तुम्ही मागं काड्यांच्या ढिगावर बसलात. विलास धावला. तुम्ही त्याला हातानं थांबवलंत आणि त्या रोपाकडं बघत राहिलात.

"काय हाय हे?"

"जांभूळ."

"लावलं कुणी?"

"कुणी न्हाय. बुलबुलानं."

"पाणी?"

"कुणी न्हाय घातलं."

मग हसायला लागलात. "न बोलावता आलेलं पावणं, आन् बसलंय बघा कसं पाय रोवून! माझ्या झाडांना तर मी घागरी घागरी वतल्या." घरी परतताना मोटरसायकलवर बसून तुम्ही मागं वळून मला ओरडून सांगितलंत, "ए सुमे, आज भाकरीला पीठ जास्त भिजव." एवढ्यावर अबोला संपला.

त्यानंतर रोज संध्याकाळी तुमचा एकच प्रश्न. "तुझी आगंतुक कशी हायत?" मी सांगायचे. सांगता सांगता मीच तुम्हाला सांगितलं, ती गुडघ्याएवढी होऊन अडून बसलीत. दोन वर्षं झाली, वाढ नाही. वर सुरू दाटले होते. ते एकमेकांशी चढाओढ करत नुसते लांबत होते, काठीसारखे, आणि पावसाळी वाऱ्यात एखाद-दुसरा मुळासकट आडवा होत होता. मी म्हटलं, "अक्का, मधली मधली थोडी झाडं काढूया. ऱ्हायलेली जाड होतील, आन् खालच्यांना उजेड मिळंल."

त्या दिवशी तुम्ही ओरडला नाहीत. म्हणून मला ते आठवतंय. तुम्ही तांदूळ निवडत होतात. सूप खाली ठेवलंत.

"सुमे, ह्या घरात सातबाऱ्यावर माझं नाव न्हाय. भात पिकलं तर तुझ्या भाऊजींचं. दूध घातलं तर डेअरीत त्यांचंच नाव. तू अंगणवाडीची बाई, तुला गाव मॅडम म्हणतंय. मला कोण काय म्हणतंय? पर वरच्या माळाला सगळी 'अक्काचं बन' म्हणत्यात. तेवढंच हाय माझं. ते तोडू म्हणतीस?"

मी म्हटलं, "सगळं न्हाय ओ, थोडी." तुम्ही म्हणालात, "दोन्ही ऱ्हाऊ देत की. त्यास्नी बी ऱ्हाऊ दे, ह्यास्नी बी." मी म्हटलं, दोन्ही राहणार नाहीत, उजेड एवढाच आहे. तुम्ही सूप उचललंत. "बघू."

तुमचं ते 'बघू' राहिलं, अक्का.

मी तेव्हा एक बोलायला पाहिजे होतं ते बोलले नाही. मला मॅडम कुणी केलं? मी लग्न होऊन आले तेव्हा अंगणवाडीच्या ट्रेनिंगला जायचं म्हटल्यावर सासूबाईंनी नाही म्हटलं होतं. तुम्ही मधे पडलात. "तिच्या वाटणीचं शेण मी काढतो, जाऊ दे तिला." आणि काढलंत. मी रोज साडी नेसून एसटीला जायचे आणि तुम्ही माझ्या वाटणीचं शेण काढायचा. तुमचं नाव फक्त माळावर आहे असं नाही, हे मी तुम्हाला सांगायला पाहिजे होतं. आपण दोघी फक्त भांडायला शिकलो. माया करायची तर तीही ओरडूनच.

तुम्ही गेल्यावर तिसऱ्या दिवशीचं सांगते. आपल्याकडं आता राख नदीत सोडत नाहीत, झाडाला घालतात. विलासनं ठरवलं, आईची रक्षा बनात न्यायची आणि तिच्या नावानं तिथं हापूसचं रोप लावायचं. कोल्हापूरच्या नर्सरीतून चांगलं कलमी रोप घेऊन आला बिचारा. भावकी, पाहुणे, सगळे वर चढले. रोपाला जागा करायची म्हणून विलासनं कोयता काढला आणि करवंदाची जाळी छाटायला सुरुवात केली. तिच्या शेजारी जांभूळ. तुम्ही ओढूनही आलं नव्हतं ना, तेच. बाकीचे दोघं-तिघं पण सरसावले. "आईला साफ लागायचं," म्हणत होता विलास, आणि रडत होता. अक्का, तुमच्या आठवणीत झाड लावायला म्हणून ही माणसं जंगल तोडत होती.

मी ओरडले. सगळ्या पाहुण्यांपुढं, सुतकात, डोक्यावरचा पदर पडलेला, मी ओरडले, "ठेव तो कोयता खाली!" तुमची कागलची वहिनी माझ्याकडं अशी बघत होती, जणू मी वेडीच झालेय. मी म्हटलं, "विलास, तुझ्या आईनं हे जांभूळ उपटायला बघितलं. आलं न्हाय. मग तिनं ते ठेवलं. रोज मला इचारायची कसं हाय म्हणून. नवं झाड कशाला लावतोस? हे आलंय की आपल्या पायानं."

विलास कोयता धरून उभा. म्हणाला, "काकू, पर हे वाढणार कसं? वर बघा, उजेड कुठाय?"

त्यालाही दिसत होतं ते. पण त्याचं उत्तर तुम्ही देऊ दिलं नव्हतंत. भाऊजी पुढं झाले, मडकं घेतलं आणि राख त्या जांभळाच्या बुडाला घातली. हापूस खाली आणून परड्यात लावलाय. बरा आहे.

तेराव्याच्या नंतर भाऊजी एका सकाळी म्हणाले, "चल वर." हातात कुऱ्हाड आणि दोर होता. तुमचे दीर पण आले. वर गेल्यावर भाऊजी एकेका सुरूला हात लावत फिरायला लागले. "हे न्हवं, ह्याला तिनं वाकलं म्हणून काठी बांधलीती." "हे बी न्हवं, हे पहिल्या टेम्पोतलं." "हे तर न्हवंच." असं करत करत सगळं बन फिरले. मी म्हटलं, भाऊजी, असं केलं तर एकही पडणार नाही. मग ते जांभळावर सावली धरणाऱ्या सुरूपाशी आले. सगळ्यात सरळ, सगळ्यात उंच. तुमचं लाडकं. तिथं थांबले. म्हणाले, "बाकीची तिनं पाणी घालून वाढवली. हे जांभूळ मात्र तिनं सोडून दिलं म्हणून वाढलं. हे तिचं जास्त." आणि पहिला घाव त्यांनीच घातला.

झाड दोरानं ओढून बाजूला पाडलं, तरी पडताना चार-पाच रोपांना घेऊनच गेलं. जांभळाचा शेंडा पण मोडला. मी तिथंच खाली बसले आणि रडले, तुम्ही गेलात त्या दिवशी रडले नव्हते इतकी. त्या मोठ्या भोकातून ऊन थेट खाली येत होतं आणि भाऊजी त्यात उभे राहून घाम पुसत होते.

काल पुन्हा गेले होते. पंधरवडा झाला. मोडलेल्या शेंड्याच्या खाली जांभळाला दोन फुटवे आलेत, तांबूस पानांचे. करवंदाची छाटलेली जाळी फुटलीय. चिरडलेल्या रोपांतली तीन मुळापासून वर आलीत. अंजनीला कळ्या आहेत की नवी पानं, ते अजून समजत नाही. आणि बाजूच्या सुरूंना वारा लागतोय, ते मोकळे हलतायत. वाडीतली माणसं अजून अक्काचं बनच म्हणतात. मी कान देऊन ऐकलं मुद्दाम.

घरी येऊन भाऊजींना म्हटलं, एका झाडानं भागायचं नाही, आणखी काढावी लागतील, दुसरं कुठलं काढू? ते चहाची बशी खाली ठेवून म्हणाले, "मला काय इचारतीस? तिला इचार."

म्हणून विचारते, अक्का. सांगा, दुसरं कुठलं पाडू?